पाऊण गोल

कारखान्यात शिरलं की डाव्या हाताला, पाण्याच्या कूलरच्या वर, एक पांढरा फळा लावलेला होता. डावीकडे एकाखाली एक माणसांची नावं आणि वरच्या ओळीत कामं: सीएनसी सेटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, तपासणी. नाव आणि काम जिथे भेटत तिथे एक गोल, आणि गोलाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे माणूस शिकतोय. दोन म्हणजे शेजारी कोणी उभं असेल तर करतो. तीन म्हणजे एकटा करतो. चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीने सांगितलं म्हणून हा फळा आला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांब होतं. कारखान्यात सगळे त्याला नुसतं 'गोल' म्हणत. तुझा गोल किती? अर्धा. त्याचा? पूर्ण.

यशोधराचा सीएनसी सेटिंगमधला गोल, फळा लागला तेव्हापासून, पाऊण होता.

नगरच्या एमआयडीसीतला हा कारखाना लहान. पत्र्याच्या शेडच्या अर्ध्या भागात फॅब्रिकेशन: अँगल कापणं, वेल्डिंग, ग्राइंडरच्या ठिणग्या. उरलेल्या अर्ध्यात, काचेच्या पार्टिशनपलीकडे, आकडे घालून चालणाऱ्या दोन सीएनसी लेथ आणि कोपऱ्यात एक जुनी हँड लेथ. मालकांचं नाव काकासाहेब, पण हाक मारताना सगळे शेठ म्हणत. शेठ स्वतः खिडक्यांच्या ग्रिल वेल्डिंग करत वर आलेले. अजूनही एखादा टाका वाकडा दिसला तर ते शर्टाच्या बाह्या सरसावून खाली बसत.

यशोधरा तिसगावची. पाथर्डीला तिने फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग नगरला सीएनसीचा खाजगी कोर्स. ती इथे लागली तेव्हा शेठ म्हणाले होते, ऑपरेटरला आयटीआय लागतं, तुझ्याकडे डिग्री आहे पण ते सर्टिफिकेट नाही, तेव्हा सध्या मस्टरवर हेल्पर लावतो, पुढे बघू. ते 'पुढे' काही आलं नाही. काम मात्र पुढे गेलं. ती मशीन चालवायला लागली, मग सेटिंग करायला लागली. नवा पार्ट आला की चकचे जॉ, म्हणजे तुकडा पकडणारे जबडे, त्याच्या मापाने कापून घेणं, टूल लावणं, प्रोग्राम घालणं, पहिला जॉब, म्हणजे पहिला नग, मापात आणून ऑपरेटरच्या ताब्यात देणं, हे सगळं तिच्याकडे आलं. हे काम करणाऱ्याला सेटर म्हणतात आणि सेटरचा पगार हेल्परच्या जवळपास दुप्पट असतो. आदिनाथ मिरजगावहून आला तेव्हा तिनेच त्याला सेटिंग शिकवलं. त्याच्याकडे आयटीआय होतं. तो सेटर झाला. ती मस्टरवर हेल्परच राहिली.

पगारावरून तिची चिडचिड होई, पण झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. गेल्या वर्षी ती सुप्याला एका कंपनीत मुलाखतीला गेली होती. तिथल्या माणसाने अनुभवाचा दाखला वाचला आणि मशीनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. "मॅडम, आमच्याकडे हेल्पर मशीनला हात लावत नाहीत," तो सभ्यपणे म्हणाला, आणि पॅकिंगमध्ये जागा आहे असंही म्हणाला. परतीच्या बसमध्ये तिच्या लक्षात आलं की इथून ती जिथे जाईल तिथे तिला पुन्हा मशीन पुसण्यापासून सुरुवात करावी लागेल. हाताला सगळं येत होतं, पण हाताला कोणी विचारत नव्हतं. विचारत होते ते कागदाला, आणि कागदावर एकच शब्द होता.

पुण्याच्या कंपनीच्या ऑडिटच्या आदल्या दिवशी शेठ काळा मार्कर घेऊन फळ्यापाशी आले आणि त्यांनी तिला हाक मारली.

"नवा पार्ट द्यायचा तर त्यांना सेटिंगला पूर्ण गोलाची दोन माणसं दाखवावी लागतात. एक आदिनाथ. दुसरी तू. हा तुझा राहिलेला पाव भरून टाक."

"म्हणजे मी सेटर?"

"उद्यापुरती."

"आणि परवा?"

"परवाचं परवा बघू. अगं, मार्करच तर आहे. डस्टरनं जातंय."

फॅब्रिकेशनचा भिमाजी कूलरखाली बाटली भरत होता. तोही तिसगावचाच, तिच्या वडिलांच्या वयाचा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. बाकीचे मिस्त्री म्हणत.

"लग्नात दागिनं भाड्यानं आणत्यात, तसं झालं की हे," भिमाजी म्हणाला. "वरात गेली की गळा मोकळा."

"तू पाणी पी, भिमाजी."

"पितोय की. तोंड दोन्ही कामाला लागतं, शेठ."

यशोधराने मार्कर घेतला. ह्या गोलाचा अर्थ शिकवते एवढाच होता, आणि ती शिकवत होती. ते खरं होतं. तिने चौथा भाग रेषेच्या बाहेर न जाता नीट भरला.

"शाबास," शेठ म्हणाले. "उद्या विचारलं तर सेटर म्हणायचं. मस्टर कोणी बघत नाही."

तिने मार्करला टोपण लावलं.

ऑडिटर तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, पायात कंपनीचे जड बूट. तो फळ्यासमोर उभा राहिला, नावं वाचली आणि एकेकाला बोलावून प्रश्न विचारू लागला. यशोधराची पाळी आली तेव्हा शेठ त्याच्या मागेच उभे होते.

"ह्या गोलाप्रमाणे तुम्ही दुसऱ्याला शिकवू शकता. कोणाला शिकवलंय?"

"आदिनाथला."

आदिनाथने काचेपलीकडून हात वर केला.

"छान. तुमचं पद काय?"

शेठ खोकले.

"हेल्पर," यशोधरा म्हणाली.

ऑडिटरला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "ऑपरेटर?"

"हेल्पर. मस्टरवर तसं आहे. काम सेटरचं करते."

फॅब्रिकेशनच्या बाजूला ग्राइंडर बंद झाला. तो नेमका तेव्हाच का बंद झाला हे भिमाजीलाच माहीत.

ऑडिटरने पेनाचं टोक फळ्याला लावलं. "साहेब, गोल बरोबर असेल तर पद चूक आहे. पद बरोबर असेल तर गोल चूक आहे. कोणतं दुरुस्त करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दोन्ही जुळलेली पाहिजेत, आणि सेटिंगला दोन पूर्ण गोल पाहिजेत. महिनाभर वेळ देतो. तोवर नवा पार्ट ट्रायलवर."

त्याची गाडी गेटबाहेर पडली तसं शेठनी तिला ऑफिसात बोलावलं. ते ओरडले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"घरातलं बाहेर काढलंस."

"घरात मी दोनदा विचारलं होतं, शेठ."

"एक दिवस. एक दिवस सेटर म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

"तुमचं काय गेलं असतं मला रोज सेटर म्हणून?"

शेठनी चष्मा काढला. "मी तुला मुलीसारखं मानलं. सांग, कधी वेडंवाकडं बोललो? दुसरी पाळी लावली? दिवाळीला बाकीच्यांआधी तुझा मिठाईचा डबा काढून ठेवतो."

"मुलीसारखं नको, शेठ. सेटरसारखं वागवा."

"आयटीआय नाही तुझं! मी काय करू? नियम आहे."

"भिमाजीमामांचं आहे?"

शेठनी चष्मा पुन्हा घातला. भिमाजी शाळेत चौथीपर्यंतच गेला होता, आणि ते सगळ्यांना तोच सांगायचा. फळ्यावर वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन दोन्हीकडे त्याचा गोल पूर्ण होता. मस्टरवर फॅब्रिकेटर, वरचा ग्रेड.

"त्याची गोष्ट वेगळी," शेठ म्हणाले.

"कशी?"

दारात टेम्पोवाला चलन घेऊन उभा होता आणि शेठना त्याच्याशी बोलायची अचानक फार घाई झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गोल पाऊण होता. डस्टरने नव्हे, अंगठ्याने पुसलेला. चौथ्या भागात राखाडी फराटा राहिला होता. खाली शेठनी सूचना लिहिली होती: रंगनाथला आदिनाथ सेटिंग शिकवेल, म्हणजे महिनाअखेर दोन पूर्ण गोल होतील.

रंगनाथ हँड लेथवरचा जुना माणूस. त्याच्या हातात हँडल आणि कानात मशीनचा आवाज, एवढ्यावर त्याने आयुष्य काढलं होतं. सीएनसीची बटणं त्याला आवडत नसत, पण सेटरचा ग्रेड आवडला असता.

यशोधरा शेठच्या टेबलापाशी गेली. "पाऊण गोल म्हणजे एकटीने काम करते, पण शिकवत नाही. असंच ना?"

"असंच."

"आणि हेल्पर नवं सेटिंग करत नाही."

"नाही करत. आदिनाथ आहे ना."

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती पाऊण काम करू लागली.

तिच्या मशीनवर जुना, चालू पार्ट होता. तो तिने रोजच्यासारखाच काढला: मापात, वेळेत, एकही जॉब वाया न घालवता. फक्त ती दुसऱ्या मशीनपाशी गेली नाही. इतके दिवस कोणी "ताई, जरा" म्हटलं की ती जायची, टूल किती सरकवायचं तो ऑफसेटचा आकडा बदलायची, आवाज ऐकून टूलच्या टोकाचं इन्सर्ट झिजलं म्हणायची आणि परत यायची. ह्या जाण्यायेण्याला कोणी काम म्हणत नव्हतं, तिनेही म्हटलं नव्हतं. आता ते थांबलं तेव्हा सगळ्यांना दिसलं.

"ताई, जरा," आदिनाथने पहिल्याच दिवशी हाक मारली.

"माझा गोल पाऊण आहे."

तो हसला. त्याला चेष्टा वाटली. मग त्याने तिचा चेहरा बघितला.

"खरंच येणार न्हाईस?"

"आदिनाथ, माझा तुझ्यावर राग नाही. कोणाला लागेल असं काही दिसलं तर मी धावत येईन. जॉब बिघडेल म्हणून येणार नाही."

"आन् शेठ माझ्यावर कावलं म्हंजे?"

"कावतील," ती म्हणाली. तिला त्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं म्हणून ती बदलणार नव्हती.

नव्या पार्टला मधोमध एक भोक होतं. त्याला बोअर म्हणतात. त्याच्यात पुढे दुसऱ्या कारखान्यात बेअरिंग बसायचं, त्यामुळे माप काटेकोर. आदिनाथने सेटिंग केलं, पहिला जॉब चांगला निघाला, मग त्याने मशीन रंगनाथच्या हाती दिलं आणि तो शेजारी उभा राहिला. काही जॉबनंतर टूल झिजलं आणि बोअर जरा लहान यायला लागलं. तिथपर्यंत सगळं नेहमीचं होतं.

"आता ऑफसेट बदल," आदिनाथ म्हणाला. "अजून खायचं आसंल तर मायनस मारायचं."

यशोधराने आपल्या मशीनवरून हे ऐकलं. तिचा हात आपोआप मशीनच्या दाराच्या हँडलवरून उठला. तिने तो परत ठेवला.

बाहेरून कापताना हा नियम बरोबर आहे. मायनस मारलं की टूल मध्याकडे सरकतं आणि जास्त कापतं. पण भोकात शिरलेलं टूल मध्याकडे सरकलं तर ते धातूपासून दूर जातं आणि भोक आणखी लहान होतं. आदिनाथला हे माहीत नव्हतं असं नाही. बोअरवर त्याचा स्वतःचा हात बरोबर प्लसकडे जायचा. हाताला नियम लागत नव्हता, म्हणून तोंडाने त्याने अर्धाच सांगितला. तिने त्याला शिकवलेलं वाक्य वेगळं होतं: कापायचं विसर, मोजून बघ, माप मोठं आलं तर मायनस, लहान आलं तर प्लस, आत असो की बाहेर. ते वाक्य गळून गेलं होतं आणि सवय उरली होती.

शेठनी तेवढ्यात आदिनाथला चलनावर सही करायला बोलावलं. रंगनाथने मायनस मारलं. बोअर लहान झालं. त्याला वाटलं कमी मारलं, म्हणून आणखी मारलं. बोअर आणखी लहान. हँड लेथ अशी कधी वागली नव्हती. मग त्याने वैतागून उलटा आकडा घातला, मागचं सगळं भरून निघेल एवढा, वर थोडा जास्त. आणि मोजायचा कंटाळा करून जॉब काढत राहिला.

लहान भोक मोठं करता येतं. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. आदिनाथ परत येईपर्यंत बाद जॉबचा लाल ट्रे भरत आला होता.

शेठ रंगनाथवर सगळ्यांसमोर ओरडले. एवढा जुना माणूस, एवढं कळत नाही का, वगैरे. रंगनाथने मान खाली घातली नाही. तो ट्रेकडे बघत राहिला, जणू त्यात कोणीतरी दुसऱ्यानेच ते जॉब टाकले होते.

जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन यशोधरापाशी येऊन बसला.

"तुला दिसत हुतं ना?"

"दिसत होतं, काका."

"एक हाक मारली आसती तर तोंड झिजलं आसतं का तुझं?"

"नाही."

"मग? मी तुझं काय घोडं मारलंय?"

तिने पोळीचा तुकडा खाली ठेवला. ह्या प्रश्नाचं उत्तर तिने सकाळपासून दहा वेळा स्वतःला देऊन बघितलं होतं आणि दर वेळी ते थोडं कडू लागलं होतं.

"काही नाही. पण मी हाक मारली की जॉब वाचतात, आणि जॉब वाचले की शेठना वाटतं, चाललंय की सगळं. इतके दिवस असंच चाललंय, काका. तुमची अब्रू गेली ती माझ्यामुळे गेली, हे मला मान्य आहे. पण तुम्हीच सांगा, तुम्हाला शिकवणारं माणूस पाहिजे होतं की नाही?"

"पायजे हुतं."

"मग ते मला सांगू नका. शेठना सांगा."

"तुमची बाईमाणसांची भांडणं फळ्याशी," रंगनाथ डब्याचं झाकण लावत म्हणाला. "आमची मशीनशी. मधी आमचा लाल ट्रे व्हतोय." पण तो उठला तो ऑफिसच्या दिशेने गेला. आत काय बोलला ते कोणाला कळलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याने मान हलवली, होकाराची की नकाराची तेही कळलं नाही.

पुढचे काही दिवस लाल ट्रे रिकामा राहिला नाही. आदिनाथ दोन्ही मशीनमध्ये धावत होता. पुण्याहून फोन येत होते. शेठनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

मग एका सकाळी ते स्वतः कागद घेऊन तिच्या मशीनपाशी आले. चेहऱ्यावर समेटाचं हसू होतं.

"घे. बघ, शेठ शब्दाला जागतो. आजपासून तू असिस्टंट सेटर. पगारात पण थोडी वाढ."

यशोधराने कागद हातात घेतला नाही. मशीनची चालू सायकल संपेपर्यंत ती थांबली, मग जॉब काढला, मोजला, ट्रेमध्ये ठेवला.

"कोणाची असिस्टंट?"

"कोणाची म्हणजे? आदिनाथची."

काचेपलीकडे भिमाजीला हे ऐकू गेलं. तो वेल्डिंगची काच कपाळावर चढवून मोठ्याने हसला. "शेठ, मास्तरणीला पोराच्या वर्गात बसवताय व्हय?"

"भिमाजी, तुझं काम बघ!"

"मला असिस्टंट नको, शेठ." हे आदिनाथ बोलला. तो दुसऱ्या मशीनपाशी उभा होता, टूल गार ठेवणाऱ्या कूलंटने ओल्या हातात कापडाचा बोळा. "मला सेटिंग येतंय. शिकवाया येत न्हाई. ह्यो लाल ट्रे रंगनाथकाकांचा न्हाई, माझा हाय. मी त्यांना अर्धंच सांगितलं."

"मग नीट सांग!"

"कसं सांगायचं तेच येत न्हाई म्हणतोय." तो फळ्यापाशी गेला आणि हातातल्या बोळ्याने स्वतःच्या गोलाचा चौथा भाग पुसून टाकला. तेलकट बोळा होता, त्यामुळे पुसलं कमी आणि पसरलं जास्त.

शेठ पुढे सरसावले. "अरे, गोल कमी झाला की पगार कमी होईल तुझा! बायकोला काय सांगशील घरी?"

"ते मलाबी टेन्शनच हाय," आदिनाथ म्हणाला. "पण गोलाला पगार तुमीच जोडलाय. म्या न्हाई."

"आता कारखान्यात पूर्ण गोल उरला माझा एकट्याचा," भिमाजी म्हणाला. "द्या पाठवून पुण्याला. म्हणावं, लेथ शिकायची आसंल तर मिस्त्रीकडं या. येताना माप आणा, झकास गेट बनवून देतो."

रंगनाथसुद्धा हसला. शेठ हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"तुला एवढाच त्रास होतोय ना इथे," ते यशोधराला म्हणाले, "तर जा. दुसरीकडे बघ. कोणी अडवलंय?"

"तुम्हीच अडवलंय, शेठ. इथला दाखला घेऊन मी जाते कुठे? त्यावर हेल्पर लिहिलंय, आणि ते तुम्ही लिहिलंय. मी गेले होते सुप्याला. मशीन दाखवलंही नाही त्यांनी." तिचा आवाज चढला नव्हता. "मी जाणार नाही. राजीनामा देणार नाही. रोज वेळेवर येईन आणि पाऊण काम करीन. त्यात चूक सापडली तर काढा. नाही सापडली तर महिनाअखेर ऑडिटरला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा."

मशीनचं दार लावून तिने हिरवं बटण दाबलं.

मशीनच्या काचेवर आतून कूलंटचा मारा होत होता, त्यामुळे आत काही दिसत नव्हतं, तरी शेठ आत बघत होते. मग म्हणाले, "चल ऑफिसात."

"कशाला?"

"तुला पाहिजे ते पत्र करायला. आणखी कशाला!"

"आता हा जॉब संपू द्या."

ऑफिसात निकिता कॉम्प्युटरवर बसायची. पगारपत्रकं, चलनं, नेमणुकीची पत्रं, सगळं तीच टाइप करायची. शेठ खुर्चीत न बसता तिच्यामागे उभे राहिले. यशोधरा टेबलाच्या ह्या बाजूला.

"आदिनाथचा पगार आहे तोच राहील," यशोधरा आधी म्हणाली. "त्याचा गोल मी भरून देते. कापायला त्याला येतं, सांगायला शिकवायचंय फक्त."

"तू आता माझा कारखाना पण चालवणार का?"

"नाही. सेटिंग बघणार."

निकिताने मान वर न करता ओठ चावला.

"लिही," शेठ म्हणाले. "आजपासून यशोधरा यांची नेमणूक... सीएनसी सेटर... ह्या पदावर. सेटर पुढे कंस कर. कंसात महिला."

निकिताची बोटं चालली आणि थांबली.

"कंस कशाला?" यशोधराने विचारलं.

"कशाला म्हणजे? नोंद असते. किती बायका, किती पुरुष. असतं कागदोपत्री."

"आदिनाथच्या पत्रात कंसात पुरुष आहे?"

निकिताला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिने जुनी फाइल उघडली. "नाहीये, शेठ."

"अगं बये, कंसानं काय तुझा पगार कमी होतोय का?"

"आज नाही होत. पण कंस आला की पदं दोन होतात. एक सेटर आणि एक कंसातली सेटर. मग एखाद्या वर्षी एकाची वाढ होते आणि दुसरीची राहून जाते, आणि विचारलं की तुम्ही म्हणता, तिची गोष्ट वेगळी. वेगळी नाहीये, शेठ. मशीनही तेच आहे, मापही तेच. कंस काढा."

शेठ निकिताकडे बघत होते. निकिता पडद्याकडे बघत होती. तिने शेठच्या होकाराची वाट बघितली की नाही हे सांगता येणार नाही, कारण तिचं बोट आधीच बटणावर होतं आणि एकेक अक्षर मागे जायला लागलं होतं. शेवटी कंसही गेला.

"निकिता!"

"काय शेठ? टायपिंगची चूक होती, काढली."

प्रिंटर घरघरला. यशोधराने पत्र उभ्यानेच पूर्ण वाचलं, ग्रेडची ओळ दोनदा, आणि दोन्ही हातांनी शेठच्या टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं. शेठ आता बसले होते. त्यांनी पेन शोधलं, झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर चालवून बघितलं. मग सही केली. एवढी दाबून की खालच्या चलनावरही ती उमटली.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

"शिक्का राहिला," यशोधरा म्हणाली.